ऑप्टोमेट्री कॉलेजात निधी नसताना संशोधनाची सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात नव्या ऑप्टोमेट्री, म्हणजे दृष्टितपासणी शिकवणाऱ्या, कॉलेजात रुजू झालात, संशोधनाची जबाबदारी गळ्यात पडली, आणि हाताशी ना निधी आहे ना महागडी यंत्रं. मी याच शहरात बी.ऑप्टोम.च्या मुलांना शिकवते. माझ्या मते यंत्रांची यादी करण्याआधी मुलांना काय प्रश्न पडतात ते ऐका.

मी पूर्वी जिथे होते तिथे प्रकल्पांच्या विषयांची यादी फळ्यावर लागायची आणि मुलं रोल नंबरप्रमाणे विषय उचलायची. बांधलेले प्रबंध कपाटात जायचे, पुन्हा कोणी उघडत नसे. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण हुशार मुलांचे कित्येक महिने त्यात गेले.

नंतर एकदा एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मे महिन्यात रात्रभर कूलरसमोर झोपलं की सकाळी डोळे चुरचुरतात. कूलर तर हवेत ओलावा सोडतो, मग असं का?" प्रश्न अस्सल नागपूरचा होता आणि त्यात दम होता. कूलरमुळे दमटपणा वाढतो हे खरं, पण वाऱ्याचा झोत अश्रूंचा थर उडवतो. दोन्ही परिणाम एकमेकांच्या उलट, मग जास्त कशाचा? हे तपासायला शिर्मरच्या कागदी पट्ट्या (अश्रू किती येतात ते मोजणाऱ्या), फ्लुरोसीन हा रंग, स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून पाहायचं यंत्र) आणि घड्याळ एवढं पुरतं. आधी फ्लुरोसीन घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते मोजायचं, शिर्मरची पट्टी त्यानंतर पाच मिनिटं ठेवायची. या गोष्टी कोणत्याही कॉलेजात असतात.

आता एक चूक सांगते, कारण ती सगळीकडे होते. पन्नास रुग्ण तपासायचे आणि 'शंभर डोळे' म्हणून आकडेमोड करायची. एकाच माणसाचे दोन डोळे एकमेकांसारखेच वागतात, त्यामुळे पुरावा आहे त्याहून भक्कम दिसायला लागतो. एकच डोळा घ्या, किंवा दोन्ही घेतलेत तर ते नातं हिशोबात धरणारी पद्धत वापरा. संख्याशास्त्रज्ञाला माहिती गोळा झाल्यावर बोलावू नका. त्याआधी भेटा, अर्धं काम तिथेच होतं.

मोठं काम इथे होत नाही असं कोणी म्हणालं तर 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी'चं उदाहरण द्या. आपल्याच सूरज आय इन्स्टिट्यूटने नागपूरपासून साधारण ४० किलोमीटरवरच्या आठ गावांत ते २००६ ते २००८ या काळात केलं. तिशी ओलांडलेल्या ५८८५ पात्र लोकांपैकी ४७११ जणांनी त्यात भाग घेतला. खेड्यातली एवढी माणसं तपासणीला येणं हेच मला सर्वात मोठं यश वाटतं.

कॉलेजकडून एकच गोष्ट मागून घ्या: आठवड्यातला एक ठरलेला तास, ज्या वेळी ओपीडीतून कोणी बोलावणार नाही. त्या तासात एक शोधनिबंध वाचा, तोही फक्त 'पद्धती' हा भाग. मुलं तिथेच तयार होतात.

एथिक्स समितीची परवानगी पहिला रुग्ण तपासण्याआधीच हवी, नंतर ती मिळत नाही. शाळेतल्या मुलांची दृष्टी तपासणार असाल तर पालकांच्या संमतीबरोबर मुलांचाही होकार लागतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वयाला तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी.

संमतीपत्र आधी इंग्रजीत लिहून मग मराठीत उतरवू नका, सरळ मराठीतच लिहा. झालं की ओपीडीतल्या मावशींना मोठ्याने वाचून दाखवा. ज्या वाक्यावर त्या "म्हणजे काय जी?" म्हणतील, ते वाक्य बदला.