हलका तंबू, भक्कम आडोसा

प्रश्न : पावसापासून बचाव करणारा, कपडे बदलण्यापुरता आडोसा देणारा आणि झटपट उभा राहणारा तंबू बनवायचा आहे. सर्वाधिक लक्ष कशाकडे द्यावे?

उत्तर : वाऱ्याकडे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा दाब चौपट होतो, आणि हलका सांगाडा बघता बघता उचलला जातो. म्हणून ताणदोर जमिनीशी सुमारे ४५ अंशांत बांधावेत आणि खुंटीचे डोके तंबूपासून बाहेर कललेले ठेवावे. छपराला उतार हवाच, कारण एक चौरस मीटरवर एक सेंटीमीटर पाणी साचले तरी १० किलोंचा भार पडतो. नळ्यांतून लवचीक दोरी ओवल्यास जोडणी अंधारातही चुकत नाही. आडोशाची खरी परीक्षा रात्री होते : आत दिवा लावला की पातळ कापडावर सावल्या स्पष्ट उमटतात, तेव्हा भिंतींसाठी गडद, घट्ट विणीचेच कापड घ्यावे.