वाचकांचे प्रश्न : मंडळाची नोंदणी आणि सभासद यादी

प्रश्न : आमचे वाचनालय मंडळ बरीच वर्षे चालू आहे, पण नोंदणी नाही. पूर्वीच्या सार्वजनिक संस्था कशा बांधल्या गेल्या? आम्ही सुरुवात कुठून करावी? (वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : सभासद यादीपासून. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा सभासद होण्यासाठी किमान ५० प्रौढांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. त्यामुळे सुरुवातीचे ९५ सभासद सुमारे ६००० लोकांच्या वतीने बोलत. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावातच स्थापन झालेल्या टिळकांच्या होमरूल लीगने बॅप्टिस्टा अध्यक्ष, केळकर चिटणीस असे पदाधिकारी नेमले आणि काम सहा शाखांत वाटले. कोण कोणाच्या वतीने बोलतो, हे दोन्हीकडे आधी ठरले होते.

कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० चा. किमान ७ जण लागतात. उद्देशपत्र आणि नियमावली सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात द्यायची. सातही जण एकाच भाऊबंदकीतले घेऊ नका, पुढे गाव मंडळाला आपले मानत नाही. नियमावलीत वर्गणी थकल्यावर मतदान कधी बंद होते, सभेची नोटीस किती दिवस आधी आणि कशी द्यायची, गणपूर्ती किती, हे स्पष्ट लिहा. गणपूर्ती अर्ध्यावर ठेवली की सुगीच्या दिवसांत सभाच भरत नाही. एक तृतीयांश पुरते.

खरी भांडणे निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात वाढवलेल्या नावांवरून होतात. म्हणून सभासद नोंदवहीत प्रत्येक नावापुढे पावती क्रमांक आणि प्रवेशाच्या ठरावाची तारीख हवीच. इतिवृत्त सुट्या कागदांवर नको, पाने क्रमांकित केलेल्या बांधीव वहीत लिहा. जागा चिटणीसांच्या नावावर कधीच घेऊ नका. ते वारले की वारस हक्क सांगतात, आणि वाचनालयाची कपाटे ओसरीवर येतात. दरवर्षी सर्वसाधारण सभेनंतर कार्यकारी मंडळाची यादी आणि ताळेबंद निबंधकांकडे गेलाच पाहिजे.

प्रश्न : आमच्या संस्थेचा दाखला १८६० च्या कायद्याखालचा, मुंबई राज्याच्या काळातला आहे. तो चालेल का? (वाचक, निपाणी)

उत्तर : १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथे असे दाखले पुष्कळ आहेत. जुन्या नोंदी नव्या कायद्याने पुढे मानल्या आहेत. अडचण येते ती मधल्या वर्षांच्या याद्या दिल्या नसल्या तर. निबंधकांकडील शेवटच्या यादीची प्रमाणित प्रत आधी मिळवा. बँकेत सह्या बदलताना तीच मागतात.