अमेरिकेत स्थायिक झालेल्यांच्या स्पॅनिशवर इंग्रजीचा काय परिणाम झालाय? ती भाषा बिघडली आहे का?

बिघडलेली नाही. पूर्वी मलाही तसंच वाटायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी स्पॅनिश शिकले पुण्यात, स्पेनमधल्या पुस्तकांवरून. ह्यूस्टनला आल्यावर शेजारच्या मेक्सिकन मावशी एकदा म्हणाल्या, आज 'कार्पेता' धुतली. माझ्या पुस्तकात कार्पेता म्हणजे कागदपत्रांची फाइल! त्यांनी धुतला होता गालिचा. इंग्रजी कार्पेटचा अर्थ जुन्या शब्दात येऊन बसला होता. 'आप्लिकार' स्पेनमध्ये मलम लावण्यासाठी वापरतात, इथे नोकरीच्या अर्जासाठीही. ट्रक म्हणजे 'त्रोका', दुपारचं जेवण 'लोंचे'. मेसेज पाठवणं 'तेक्स्तेआर'. आपण 'टेक्स्ट'ला 'करणे' जोडतो, ते 'एआर' जोडतात आणि मग ते क्रियापद स्पॅनिशच्या नियमांनी सगळ्या काळांत चालवतात. 'ते यामो पारा आत्रास', शब्दशः 'तुला मागे फोन करते', म्हणजे कॉल बॅक.

एकाच वाक्यात दोन भाषा येतात, त्यालाही शिस्त असते. भाषाशास्त्रज्ञ शाना पॉपलॅक यांनी न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन लोकांच्या बोलण्याचा अभ्यास 1980 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसलं, की दोन्ही भाषांचा शब्दक्रम जिथे जुळतो, तिथेच लोक एका भाषेतून दुसरीत जातात. आणि वाक्याच्या मधोमध असा बदल सहज करणारे बहुतेक दोन्ही भाषा उत्तम येणारेच होते.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो न दिसणारा बदल. स्पॅनिशमध्ये मराठीसारखंच क्रियापदावरून कर्ता कळतो, त्यामुळे 'यो' म्हणजे 'मी' गाळता येतो. रिकार्दो ओतेगी आणि आना सेलिया सेंतेया या भाषाशास्त्रज्ञांनी 2012 च्या पुस्तकात दाखवलं, की नुकत्याच आलेल्यांपेक्षा न्यूयॉर्कमध्ये वाढलेले लोक ही सर्वनामं जास्त वापरतात. इंग्रजीत ती गाळता येत नाहीत ना! एकही इंग्रजी शब्द न येता इंग्रजीची सवय आत शिरते.

माद्रिदच्या रॉयल स्पॅनिश अकादमीने 2014 च्या कोशात 'एस्पांग्लिश'ची, म्हणजे या स्पॅनिश-इंग्रजी मिश्र बोलीची, व्याख्या करताना दोन्ही भाषांचे घटक 'विकृत करून' मिसळतात असं लिहिलं होतं. अमेरिकेतल्या स्पॅनिश अभ्यासकांनी आक्षेप घेतला, तेव्हा तो शब्द काढला. योग्यच झालं.

ते सर्वनामांचं वाचल्यापासून माझ्या इथेच वाढलेल्या मुलाचं मराठी मी कान देऊन ऐकते. "मी शाळेत गेलो, मग मी जेवलो, मग मी खेळलो." प्रत्येक शब्द मराठी, प्रत्येक वाक्य बरोबर, आणि प्रत्येक वाक्यात 'मी'.