निळा स्प्रूस हिरवा का पडला? आणि बुटक्या स्प्रूसबद्दल तुमचे इतर प्रश्न

गेल्या काही महिन्यांत एकाच झाडाबद्दल इतकी पत्रं आलीत की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच देतेय. झाड म्हणजे बुटका निळा स्प्रूस, थंड प्रदेशातलं सुईसारख्या पानांचं झाड, तोसुद्धा टोपिअरीवाला, म्हणजे छाटून आकार दिलेला, खाली सरळ उघडं खोड आणि वर निळसर गोल चेंडू. बहुतेक पत्रांत झाड आजारी नाहीये, त्याची जरा जास्तच काळजी घेतली गेलीय, त्यामुळे काय करायचं याच्याइतकंच काय करायचं नाही हेही यावेळी सांगणार आहे.

प्रश्न: झाड आणलं तेव्हा एकदम चांदीसारखं निळं होतं. कीड लागू नये म्हणून दर पंधरा दिवसांनी नीम ऑइल फवारतेय, तर आता हिरवं पडलंय. खत कमी पडतंय का?

ताई, खताचा काही संबंध नाही, फवारणी आधी बंद करा. या झाडाची सुई मुळात हिरवीच असते, तिच्यावर मेणाचा एक बारीक पांढुरका थर असतो आणि त्या थरामुळे ती आपल्याला निळी दिसते. विश्वास बसत नसेल तर एक सुई दोन बोटांत धरून हळूच चोळून बघा, निळेपणा बोटाला येतो आणि खालचा हिरवा रंग दिसतो. कुठलंही तेल, नीम असो नाहीतर बागेत वापरतात ते फवारणीचं तेल असो, हे मेण विरघळवतं, आणि साबणाच्या पाण्यानेही ते जातं. एकदा मेण गेलं की त्या सुईवर ते परत येत नाही.

पण घाबरू नका, झाड जिवंत आहे, छान आहे. वसंतात जे नवे कोंब येतील ते पुन्हा निळे असतील. स्प्रूसच्या सुया कित्येक वर्षं फांदीवर टिकतात, म्हणून जुन्या हिरव्या सुया लगेच गळणार नाहीत, नवी वाढ त्यांना हळूहळू झाकेल, दोन-तीन वसंत तरी धरून चाला. तोवर उन्हात ठेवा, रोज सहा तास तरी थेट ऊन हवं, सावलीत नव्या वाढीलाही रंग नीट चढत नाही. आणि निळेपणा वाढवणारं खत म्हणून कोणी काही देत असेल तर घेऊ नका.

प्रश्न: चेंडू वेडावाकडा झाला म्हणून मी कुंपण कापायच्या मोठ्या कात्रीने सगळीकडून खोल छाटला. आता मधे मधे भोकं दिसतायत आणि चार महिने झाले तरी एक कोंब नाही. भरतील का?

हे पत्र वाचून खरंच वाईट वाटलं, कारण यात चूक तुमची कमी आणि बाकीच्या झाडांनी लावलेल्या सवयीची जास्त आहे. जास्वंद किंवा मेंदी कितीही खोल कापली तरी जुन्या लाकडातून फुटते, स्प्रूस तसा फुटत नाही. जिथे सुया गळून फांदी उघडी पडलीय तिथे झोपलेले डोळे, म्हणजे पुढे फुटू शकतील अशा कळ्या, जवळजवळ नसतातच, त्यामुळे त्या उघड्या भागात कापलं तर ती फांदी तिथेच संपली. म्हणून कात्री चालवायची ती फक्त या वर्षीच्या वाढीवर.

वेळ ओळखायची खूण सांगते. वसंतात कळ्यांवरची तपकिरी कागदासारखी टोपी गळून पडते आणि आतून मऊ फिकट निळा कोंब निघतो. तो लांब झालाय पण अजून मऊ आहे, सुया टोचत नाहीत, तेव्हा त्याचा तिसरा हिस्सा ते फार तर अर्धा कापा. पाइनला हा काळ चुकला तर वर्ष वाया जातं, स्प्रूस त्यामानाने सोपा, कारण याच्या कोवळ्या फांदीवर बाजूलाही कळ्या असतात, म्हणजे कोंब फुटायच्या आधी थंडीच्या शेवटी एखाद्या बाजूच्या कळीच्या जरा वर कापलं तरी चालतं. हातात सिकेटर, म्हणजे छाटणीची छोटी कात्री, घ्या आणि एक एक कोंब बघून कापा, मोठ्या कात्रीने सुया अर्ध्या कापल्या जातात आणि त्यांची टोकं तपकिरी पडून अख्खा चेंडू मळकट दिसतो. तसंही ही जात स्वतःच गोल वाढते, वर्षाला जेमतेम काही इंच, तेव्हा वर्षातून एकदा हात फिरवला की पुरे, काही वर्षी तर तेवढंही लागत नाही.

आता भोकांचं. भोकाच्या आतून काही येणार नाही, पण कडेच्या जिवंत फांद्या मऊ सुतळीने ओढून भोकाच्या दिशेने सैल बांधा, त्यांचे शेंडे हलके खुडा म्हणजे बाजूच्या कळ्या फुटतील. मोकळी बाजू उन्हाकडे ठेवा. लहान भोकं दोन-तीन वर्षांत झाकली जातात. तळव्यापेक्षा मोठं भोक असेल तर आशा कमी आहे, ती बाजू भिंतीकडे वळवून ठेवलेली बरी.

प्रश्न: चेंडूतून एक फांदी सरळ वर सुसाट निघालीय, आणि खाली खोडावरही हिरवी पालवी आलीय. ठेवू का?

दोन्ही काढा, दादा, आजच. वर जाणारी फांदी म्हणजे झाडाने पुन्हा मोठं व्हायचं ठरवलंय, ती बुडापासून कापली नाही तर सगळा जोर तीच घेईल. खोडावरची हिरवी पालवी खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम केलंय त्या खालच्या झाडाची आहे. टोपिअरीत निळा चेंडू वर कलम केलेला असतो आणि खालचं खोड बहुतेक वेळा नॉर्वे स्प्रूसचं असतं, ते चेंडूपेक्षा जोमाने वाढतं. कोवळी असतानाच बोटाने खुडून टाका. कलमाच्या सांध्याजवळ बांधलेली तार किंवा पट्टी खोडात रुतत नाहीये ना तेही बघून घ्या, वर्षातून एकदा सैल करायची असते. काठीचा आधार मात्र ठेवा, वर जड चेंडू आणि खाली बारीक खोड, वाऱ्यात सांध्यापाशीच मोडतं.

प्रश्न: कुंडीत आहे. हिवाळा संपताना एका बाजूच्या सुया तपकिरी झाल्या. बुरशी का?

एकाच बाजूला, आणि ती बाजू वाऱ्याची किंवा दुपारच्या उन्हाची, असं असेल तर बुरशी नाही, तहान आहे. माती गोठली की मुळं पाणी ओढू शकत नाहीत आणि वरून ऊन-वारा सुयांतलं पाणी उडवत राहतात. गोठण पडायच्या आधी भरपूर पाणी द्या, कुंडी आडोशाला ठेवा, भोवती गोणपाट गुंडाळा, जमिनीतल्या मुळांपेक्षा कुंडीतल्या मुळांना थंडी खूप जास्त लागते. एरवी दोन इंच खोल बोट घालायचं, कोरडं लागलं तर पाणी, ओलं असेल तर नाही. हा स्प्रूस रानात ओढ्याकाठी वाढतो म्हणून कोरड आवडत नाही, पण पाणी साचलं तर मुळं कुजतात, निचरा हवाच. सुया गेलेल्या फांद्या घाईने कापू नका, कळी नखाने खरवडून बघा, आत हिरवी असेल तर फुटेल.

आणि नाताळात घरात आणायचं असेल तर आठवडाभर, त्याहून जास्त नको, उबेत झाडाला वसंत आला असं वाटतं आणि मग बाहेर नेल्यावर ते कोवळे कोंब मरतात.

प्रश्न: सुयांवर पिवळट ठिपके आणि बारीक जाळी. औषध कुठलं?

आधी पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदी झटका. कागदावर हलणारे ठिपके दिसले तर कोळी, म्हणजे जाळी करणारी अगदी बारीक कीड. स्प्रूसवरचा कोळी थंड हवेत जोर करतो, वसंतात आणि शरदात, म्हणून उन्हाळ्यात शोधून सापडत नाही. पाण्याचा जोराचा फवारा, आतून बाहेरून, काही दिवसांनी पुन्हा, बहुतेक वेळा तेवढ्यावर आटोक्यात येतो. तेल नको, कारण वर सांगितलंच आहे.

ठिपके हलत नसतील, आणि आतल्या, खालच्या जुन्या सुया जांभळट तपकिरी होऊन गळत असतील, भिंगातून सुयांवर काळ्या टिंबांच्या रांगा दिसत असतील, तर ती बुरशी. तिथे तांब्याचं बुरशीनाशक लागतं, नव्या सुया अर्ध्या वाढल्यावर एकदा आणि पूर्ण वाढल्यावर पुन्हा, आणि पाणी वरून न घालता बुडाशी. शरदात अगदी आतल्या सगळ्यात जुन्या सुया पिवळ्या पडून गळतात ते मात्र नेहमीचं आहे, तिथे काहीच करू नका.

प्रश्न: आमच्याकडे उन्हाळा खूप कडक आणि थंडी नावालाच. जगेल का?

नाही जगणार, आणि पैसे जायच्या आधी सांगितलेलं बरं. हे रॉकी पर्वतातलं झाड, साधारण ६,००० ते १०,००० फुटांवरचं, कोलोरॅडोने १९३९ मध्ये त्याला राज्यवृक्ष केलंय. त्याला थंडीतली झोप लागते, ती नाही मिळाली की दोन-तीन वर्षांत विरळ होत जातं. हवा गरम पण कोरडी असेल तर अ‍ॅरिझोना सायप्रस बघा, त्याचे निळसर प्रकार मिळतात आणि छाटून आकारही देता येतो.