गालाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर गेलेली ताकद परत येते का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या ऑपरेशनला दीड महिना झाला, वजन ९ किलोंनी उतरलंय आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. भरून येतं, बरंचसं. पण ही दुखणी दोन आहेत, त्यांची गल्लत करू नका. आम्ही केली.

माझंही हेच ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठींसकट. (तंबाखू, २२ वर्षं. असो.) गाठी काढताना खांद्याच्या स्नायूची नस वाचवली तरी ती दुखावते. सावरायला तिला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. तोवर खांदा लोंबतो. आंघोळीचा तांब्या मला डोक्यापर्यंत नेता येईना. घरचे म्हणाले अशक्तपणा आहे, हात हलवू नका. महिनाभर नाही हलवला, तर सांधाच आखडला! मग फिजिओथेरपीवाल्या बाईंनी भिंतीवर बोटं चालवायला लावली. जिथवर पोचेल तिथे पेन्सिलीची खूण करायची. पहिल्या आठवड्यात जेमतेम चार बोटं वर सरकलो. गालाला छातीचा स्नायू वळवून लावला असेल, तर हात आणखी जड जातो. सर्जनना विचारून घ्या.

दुसरं दुखणं अंगावरचं मांस झडण्याचं. नाकातल्या नळीतून बायको वरणाचं पाणी, नारळपाणी, मोसंबीचा रस द्यायची. वेळ चुकवली नाही कधी, तरी माझ्या मांड्यांच्या काड्या झाल्या. आहारतज्ज्ञांनी हिशेब मांडला: वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे माझ्या ५४ किलोंना ६५ ते ८० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम असतं, वरणाच्या निवळीत नावालाच. मग घट्ट वरण, दूध पावडर घातलेलं दूध, उकडलेलं अंडं, सगळं मिक्सरमधून काढून, गाळून. वडिलांना किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

नुसतं खाऊन पोट सुटतं, पाय तसेच राहतात. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, बसायचं. मी ३ वेळांपासून सुरुवात केली, १२ पर्यंत गेलो, रेडिएशनच्या सहा आठवड्यांत परत ५ वर आलो. तसं झालं तर घाबरू नका, पुन्हा चढतं.

आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की आइस्क्रीमच्या काड्या दातांत एकावर एक सारून तोंड उघडायचा व्यायाम लगेच सुरू करा. माझ्या १४ काड्या जायच्या. रेडिएशननंतर आळस केला, आता ११ वर अडकलोय.