यशयाने सांगितलेला ‘येणारा राजा’ नेमका कोण, आणि त्या भाकितात आशा कशाची?

आपण विचारले आहे की, नाताळच्या उपासनेत वाचला जाणारा, बायबलमधील संदेष्टा यशया याचा उतारा, ज्यात अंधारात चालणाऱ्या लोकांना प्रकाश दिसतो आणि एका बालकाच्या खांद्यावर सत्ता येते, तो येशूविषयीच आहे का, आणि पराभूत लोकांना त्यातून आशा तरी कोणती मिळाली. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आलो असलो, तरी तो उमगला त्यामागची युद्धाची धामधूम वाचल्यावर.

इ.स.पू. 734 च्या सुमारास दमास्कसचा राजा आणि उत्तरेकडील इस्राएलचा राजा मिळून यरुशलेमवर चालून आले. यरुशलेम ज्याची राजधानी, त्या दक्षिणेकडील यहूदाच्या राज्याचा राजा आहाज घाबरला आणि यशयाचा सल्ला बाजूला सारून त्याने अश्शूरचा सम्राट तिसरा तिग्लथ-पिलेसर याला नजराणा पाठवून मदतीला बोलावले. पुढे अश्शूरी फौजांनी गालील, म्हणजे जबुलून व नफताली या इस्राएली वंशांची भूमी, गिळली. भाकितातला अंधार तो हाच. म्हणूनच तेथे आधी सैनिकांचे जोडे आणि रक्तात लोळवलेली वस्त्रे जळतात, आणि बाळाचा जन्म त्यानंतर येतो. हे बालक म्हणजे आहाजचा मुलगा हिज्कीया, असा अर्थ यहुदी परंपरेत लावला गेला आहे. शुभवर्तमानकार मत्तयाने मात्र येशूने गालीलात कार्य आरंभले त्या प्रसंगी अंधार-प्रकाशाच्या ओळी उद्धृत केल्या. हे दोन अर्थ मला परस्परविरोधी वाटत नाहीत, पण पहिला वगळला की ही वाणी कोणाच्या दुःखातून आली तेच कळेनासे होते.

आशेचे मर्म मला अकराव्या अध्यायात सापडते. दहावा अध्याय कुऱ्हाडीवर संपतो: उंच झाडे तोडली जातात, लबानोनचे अरण्य कोसळते, आणि लगेच पुढची ओळ सांगते की इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल. तोडलेल्या कडुनिंबाचा खुंट पावसाळ्यात पालवताना ज्याने पाहिला आहे, त्याला ‘धुमारा’ या शब्दाची ताकद समजावून सांगावी लागत नाही. यशया येथे यहूदाच्या राजघराण्याचा मूळपुरुष दावीद याचे नाव घेत नाही, त्याच्या बापाचे, इशायाचे, घेतो. बेथलेहेमातला, मेंढरे बाळगणारा इशाय कधी राजा नव्हता, त्यामुळे राजवाडा उभा राहण्यापूर्वीच्या मुळापर्यंत हे भाकीत मागे जाते. हा राजा डोळ्यांना दिसेल त्यावरून निवाडा करणार नाही, तर दीनांचा न्याय नीतीने करील. आणि आपले अधिकारी लाचेला चटावले आहेत, असा संताप ज्याने पहिल्याच अध्यायात व्यक्त केला, त्याच संदेष्ट्याचे हे शब्द आहेत.

इ.स.पू. 586 मध्ये बाबेलने यरुशलेम जाळले आणि दावीदाचे सिंहासन खरोखरच रिकामे झाले, तरी वाट पाहणे थांबले नाही. ‘मशीहा’ म्हणजे तेलाने अभिषेक झालेला (यशयाच्या पुस्तकात हा शब्द चक्क पर्शियाचा राजा कोरेश याच्यासाठीही आला आहे), आणि श्रद्धाळू यहुदी त्याची वाट आजही पाहतात. कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, मलिदा हा आभारविधी करतात, तेव्हा गोड पोहे, खोबरे आणि फळे यांच्या ताटासमोर एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, स्तवन होते. मशीहाच्या आधी तो येणार, अशी यहुदी श्रद्धा आहे.