पंधरा मुलांचा वर्ग आणि नऊ लाखांची एफडी

प्रश्न: माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे, प्रमाणपत्र ५० टक्क्यांचं. आठवीत ५८ मुलांत तो मागच्या बाकावर चित्रं काढत बसतो. इथेच नाशिकमध्ये पंधरा मुलांचा वर्ग सापडलाय. नववी ते बारावी, परीक्षा एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेची. फी वर्षाला १,८०,०००. चारही वर्षांची एकदम भरली तर दहा टक्के सवलत. आम्हा दोघांचे मिळून ८२,००० हातात येतात, घराचा हप्ता २१,०००. एफडी नऊ लाख, पीपीएफ सहा लाख. एफडी मोडून फी भरून टाकू का?

उत्तर: ताई, प्रवेश घ्या. पण फी एकदम भरू नका.

सवलत ७२,०००ची, म्हणजे आज ६,४८,००० मोजायचे. तीच रक्कम सात टक्क्यांच्या एफडीत ठेवून दर जूनला फी काढत गेलात, तर ६६,०००च्या आसपास व्याजच येतं. फरक पाच-सहा हजारांचा. तेवढ्यासाठी तीन वर्षांची फी कशाला अडकवायची? असे छोटे वर्ग बहुधा एक-दोन बाईंच्या जिवावर चालतात. त्या बाई गेल्या की उरतं ते नुसतं नाव. मधेच सोडलं तर पैसे परत कसे मिळतील, ते लेखी मागा. टाळाटाळ झाली, तर समजून जा.

पहिल्या वर्षाची फी एफडीतून भरा. लगेच ७,५००ची आरडी सुरू करा. पुढची निम्मी फी तिच्यातून, निम्मी एफडीतून. चार वर्षांनी एफडीत पाच लाखांच्या वर राहतील. मात्र एनआयओएसमध्ये पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. मुलासाठी ही मोठी सोय, पण दहावी लांबली तर तुमच्या खिशाला पाचवं वर्ष. ते आत्ताच धरा. पीपीएफला हात लावायचा नाही.

कुणीतरी ८०डीडीची, म्हणजे दिव्यांग मुलासाठी प्राप्तिकरात मिळणारी ७५,०००ची वजावट सुचवेलच. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. तुमचं प्रत्येकाचं उत्पन्न बारा लाखांच्या आत असणार, नव्या प्रणालीत तसाही कर शून्य. तिच्यासाठी जुनीकडे वळू नका.

फीपेक्षा मला दुसरीच गोष्ट टोचली. एवढ्या सविस्तर पत्रात विम्याचा शब्द नाही. आरडीच्याही आधी मिस्टरांचा आणि तुमचा टर्म इन्शुरन्स घ्या. मुलाचा निरामय आरोग्य विमा काढा, एक लाखापर्यंतचं कवच मिळतं. आणि एफडी-पीपीएफवर त्याचंच नाव वारस म्हणून लावून मोकळं होऊ नका. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. त्याला अजून चार वर्षं आहेत. पण तुमच्यामागे पैसे कोण सांभाळणार, हे मृत्युपत्रात आत्ताच लिहा. मामा असो, आत्या असो, आधी त्यांना विचारून.

शाळेत एकच प्रश्न विचारा: इथून बाहेर पडलेली मुलं आता काय करतात? बेकरीत असोत, झेरॉक्सच्या दुकानात असोत, चालेल. ‘घरीच असतात’ असं उत्तर आलं, तर पहिला चेक लिहिण्याआधी मला पुन्हा लिहा.